आबांच्या कुत्रीचं पॅकिंग

आमच्या पट्ट्यात सुट्टी माणूस दमला म्हणून मिळत नाही, मशीनं दमतात म्हणून मिळते. वर्षातून एकदा, मे महिन्यात, कंपनीचं शटडाऊन असतं. आठवडाभर मशीन उघडून साफसफाई चालते आणि तेवढ्या आठवड्यात चाकण-भोसरीची निम्मी जनता गाड्या काढून कोकणात उतरते. आम्ही मात्र चार वर्षं कुठेच गेलो नव्हतो. कुणी कारण विचारलं की मी सांगायचे, सासऱ्यांची कुत्री. लोक हसायचे. मला काही हसू यायचं नाही.

सासूबाई गेल्या त्या वर्षी ही कुत्री आमच्या मोशीच्या घरी आली. आली म्हणजे कुणी आणली नाही. घरामागे, जिथे पूर्वी आमचीच ज्वारी असायची, तिथे दोन टॉवर उभे राहत होते. काम संपल्यावर मजूर गेले, वॉचमन गेला, ही राहिली. आबा, म्हणजे माझे सासरे, रोज संध्याकाळी तिकडे जाऊन उभे राहायचे. इमारत बघायला जात होते की जुनं शेत बघायला, ते त्यांचं त्यांना माहीत. एक दिवस ती त्यांच्या मागोमाग आमच्या पायरीपर्यंत आली आणि तिथेच बसली. तांबूस रंग, एक कान मोडलेला, आणि चेहरा असा की आत्ताच कुणाशी तरी भांडून आली आहे. आबांनी तिला नाव ठेवलं नाही. "तिला ठावं हाय मी तिलाच बोलतोय," म्हणाले. डॉक्टरांच्या कार्डावर नावाच्या रकान्यात माझ्या नवऱ्याने शेवटी 'कुत्री' असंच लिहिलं.

सकाळी दोघं इंद्रायणीपर्यंत चालत जायची आणि परत येऊन ओट्यावर बसायची. आबा आमच्याशी दिवसभरात जेवढं बोलत, त्याच्या दुप्पट तिच्याशी बोलत. ऊन, गुडघा, शेजारच्या सोसायटीचा पाण्याचा टँकर, सगळं तिला सांगून व्हायचं. सासूबाईंचा विषय आमच्यासमोर त्यांनी कधी काढला नाही. तो फक्त ओट्यावर, तिच्यासमोर निघायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायचे आणि ऐकलं नाही असं दाखवायचे.

तिची एकच अडचण होती. ती आबांशिवाय कुणाच्या हातचं खात नसे. हर्नियाच्या ऑपरेशनला आबांना संत तुकाराम नगरच्या बाजूला दवाखान्यात दोन रात्री ठेवलं होतं, तेव्हा ही दोन दिवस त्यांच्या चपलांवर तोंड ठेवून पडली. मी दूध ठेवलं, अंडं ठेवलं, हात जोडले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिंपळे गुरवला कुत्र्यांना सांभाळणारं एक चांगलं घर आहे, तिथेही सोडून पाहिलं. दुपारी त्यांचाच फोन आला, ताई, घेऊन जा हो, ओरडून ओरडून हिचा घसा बसलाय. घरी येऊन बघते तर आबांनीही ताटाला हात लावला नव्हता. त्यामुळे सुट्टीचा विषय निघाला की आबा म्हणत, "तुमी जावा. आमी दोघं हाय हितं." आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एका कुत्रीच्या भरवशावर सोडून आम्ही कुठे जाणार!

मग या वर्षी नवऱ्याने दिवेआगरला एक घर शोधून काढलं. मालक म्हणाले, कुत्रं आणा, अंगण आहे, फक्त लस टोचल्याचं कार्ड बरोबर असू द्या. आता आबांना मनवायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं. आबांनी तरुणपणी एक बैल चाकणच्या बाजारातून टेम्पोत घालून आणला होता. दोन्ही बाजूंनी बांध, असं टेम्पोवाला सांगत होता. आबांना वाटलं, एवढ्याशा रस्त्याला कशाला जनावराला जखडायचं. वळणावर बैल घसरला आणि त्याचा पाय मोडला. पुढचं ते सांगत नसत. त्यानंतर त्यांनी एकही जनावर गाडीत घातलं नाही. म्हैस विकली तेव्हासुद्धा ती पायी चालवत गिऱ्हाइकाच्या गोठ्यात पोचवून आले.

ती गोष्ट ऐकून मला उलट हुरूप आला. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, पॅकिंगची इंजिनिअर. आमचे भाग खोक्यात बसून जहाजाने पार जगाच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि त्यांना ओरखडा येऊ नये हे माझं काम. त्या कामाचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही. आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगते: खोक्यात जागा रिकामी राहिली की माल हलतो, आणि माल हलला की गेला. आबांना मी तेच समजावलं.

"आबा, तो मोकळा होता म्हणून पडला ना? हिला मी पडूच देणार नाही. मी पाठवलेल्या मालाची अजून एक तक्रार आलेली नाही. हिला मी नेते. माझी जबाबदारी."

आबांनी कुत्रीच्या मोडक्या कानावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तू म्हनतीस तर येतो."

माझ्या बोलण्यावर आबा हो म्हणाले, म्हणजे त्यांनी माझ्या हातात काय दिलं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. मी लगेच कामाला लागले.

मोशीतल्या आमच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं ते असं. निघण्याआधी चार-पाच तास पोट भरून खायला घालू नका. पाणी बरोबर ठेवा. दर दोन तासांनी थांबा, उतरवताना आधी पट्टा लावा आणि मगच दार उघडा. पहाटे निघा, ऊन टाळा. पिंजरा किंवा खोकं असेल तर तिला त्यात उभं राहता आलं पाहिजे आणि गोल फिरता आलं पाहिजे. आठ दिवस आधीपासून ते घरात ठेवा, म्हणजे सवय होईल. मी याची छापील चेकशीट केली. नवऱ्याने ती फ्रिजवर लावली आणि खाली पेनाने लिहिलं, 'कुत्रीची सही'.

खोकं मी आमच्या खोकी बनवणाऱ्या माणसाकडून करून घेतलं. प्लायवूडचं, तीन बाजूंना जाळी, खाली रबर. ते आठ दिवस हॉलमध्ये राहिलं. आबा त्यात भाकरी ठेवायचे, ती आत जायची, गोल फिरायची, खायची आणि तिथेच झोपायची. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मी इथे थांबायला हवं होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी मला ट्रायल घ्यायची हुक्की आली. कंपनीत आम्ही नवीन पॅकिंगची ट्रायल घेतल्याशिवाय माल पाठवत नाही. कुत्रीचं वजन अठरा किलो, म्हणून मी अठरा किलो वाळूचं पोतं त्या खोक्यात ठेवलं, खोकं डिकीत पट्ट्यांनी आवळलं आणि स्पाइन रोडवरून एक फेरी मारली. प्रत्येक स्पीडब्रेकरला पोतं या टोकाकडून त्या टोकाला जाऊन आदळलं.

"वाळूला फिरवून आणलंस," नवरा म्हणाला, "आता भेळ पण खाऊ घाल."

मी हसले नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते आदळणं होतं आणि आबांचा बैल होता. मी कंपनीतून उरलेल्या फोमच्या लाद्या आणल्या होत्या. त्या मापाने कापून चारी बाजूंनी बसवल्या. निम्मी जाळी त्यांच्याखाली गेली, पण मला वाटलं, उरलेली पुरे. पुन्हा फेरी मारली. पोतं जागचं हललं नाही. मला इतका आनंद झाला की मी आबांना बोलावून ते दाखवलं. आबांनी फोम दाबून पाहिला. "मऊ हाय," एवढंच म्हणाले. डॉक्टरांचं ते गोल फिरण्याचं वाक्य माझ्याच चेकशीटवर होतं आणि त्यापुढे मी बरोबरची खूणही केली होती, कारण आठ दिवस ती खोक्यात फिरतच होती की. वाळूला पाय नसतात, वळणावर ती स्वतःला सावरू शकत नाही, आणि वाळूला श्वास घ्यावा लागत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. मी वीस वर्षं फक्त निर्जीव माल पाठवला होता.

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. साडेचारलाच कंपनीतून फोन आला, शटडाऊनच्या आधीचा शेवटचा कंटेनर गेटवर अडकलाय, तुमची सही पाहिजे. मी चाकणला गेले, सही केली आणि घरी यायला नऊ वाजले. ट्रॅफिक होतं ते वेगळंच. निघेपर्यंत दहा. नवरा म्हणाला, उद्या पहाटे जाऊ. मीच म्हटलं, एक दिवस कशाला फुकट घालवायचा, गाडीत एसी आहे. फ्रिजवरची चेकशीट मी पुठ्ठ्याला लावून बरोबर घेतली, पण 'पहाटे निघणे' या ओळीपुढे काहीच लिहिलं नाही.

मी पुढे बसले, नवरा चालवत होता. आबा मागच्या सीटवर एकटेच, एक हात सीटच्या मागे डिकीतल्या खोक्यावर ठेवून. खोक्यात बसवताना कुत्रीने पाय रोवले होते. तिला फोमच्या मधल्या जागेत मी ढकललं, तेव्हा ती मागे वळायला बघत होती, पण वळायला जागाच नव्हती. वाकडपर्यंत ती बारीक आवाजात कुईंकुईं करत राहिली. मग आवाज थांबला.

"बघा, बसली निवांत," मी म्हटलं.

"निवांत न्हाई," आबा म्हणाले. "गप झालीया."

सगळ्या कंपन्यांचं शटडाऊन एकाच दिवशी सुरू होतं, आणि सगळ्यांना एकाच रस्त्याने जायचं असतं. चांदणी चौकाच्या अलीकडे गाड्यांची ही रांग लागलेली. मागच्या काचेतून ऊन सरळ खोक्यावर पडत होतं. पुढे आम्हाला गार लागत होतं म्हणून मी एसी एक घर कमी केला. हे मला लिहायला लाज वाटते, पण केला.

"पोरी, जरा बघू का हिला?" आबांनी विचारलं.

"आबा, इथे हायवेवर कुठे उघडणार? घाबरून उडी मारली तर गाडीखाली जाईल." हे खरंच होतं. पण त्यात अर्धा खरेपणा आणि अर्धा हट्ट होता.

पिरंगुट गेलं. आबांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, मुळशीला थांबायचंच आहे, वीस मिनिटं राहिली. आवाजात चिडका सूर होता, मलाच ऐकू आला. पाहुण्यांच्या लहान मुलाने पाचव्यांदा पाणी मागितल्यावर माणूस बोलतो ना, तसं मी बोलले. आबांनी खोक्यावरचा हात जाळीच्या फटीतून आत घातला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. मग त्यांनी मला विचारलंच नाही. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "गाडी बाजूला घे."

लग्नाला माझ्या अठरा वर्षं झाली होती. आबांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. नवऱ्याने लगेच गाडी रस्त्याच्या कडेला एका सरबताच्या टपरीशेजारी घेतली.

खोक्याचे पट्टे मी सोडायच्या ऐवजी आवळतच होते. रोज डोळे मिटून सोडते मी ते. नवऱ्याने सोडले. दार उघडलं, तर ती उठली नाही. फोमची एकेक लादी मला ओढून काढावी लागली, इतक्या घट्ट मी बसवल्या होत्या. जीभ एका बाजूला लोंबत होती, गडद लाल. तोंडातून चिकट लाळ येऊन फोमवर पसरली होती. डोळे उघडे होते, पण ती कशाकडेच बघत नव्हती. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतकी तापलेली.

आबांनी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि टपरीमागच्या जांभळाच्या सावलीत नेऊन ठेवलं. मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. लागला, हे आमचं नशीब, पुढे घाटात रेंजच नसते. ते म्हणाले, साधं पाणी घ्या, बर्फाचं अजिबात नको. पोट, काखा, जांघा आणि पंजे भिजवत राहा. वारा घाला. शुद्धीवर आली आणि स्वतःहून प्यायली तरच पाणी द्या, तोंडात ओतू नका. पाच-दहा मिनिटं करा आणि मग गाडीत एसी पूर्ण सोडून जवळच्या डॉक्टरकडे न्या. "आणि ताई, खोक्यात परत ठेवू नका."

टपरीवरच्या बाईंनी न मागता पाण्याची कळशी आणून दिली. मी हाताला लागला तो पुठ्ठा घेऊन वारा घालायला लागले. तो माझ्या चेकशीटचाच पुठ्ठा होता. नवरा पंजे भिजवत होता. आबा तिच्या पोटावरून ओला पंचा फिरवत होते आणि सारखे तिच्याशी काहीतरी पुटपुटत होते, ओट्यावर बोलतात तसंच, जसं काही झालंच नाही.

"आबा, चुकले मी," मी म्हटलं.

"पानी वत," आबा म्हणाले.

मी पाणी ओतलं. मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं. घराण्याचा उद्धार करावा, काहीही करावं. त्यांच्याकडे माझ्यासाठी त्या क्षणी वेळच नव्हता, आणि तेच बरोबर होतं. ही गेली तर ओट्यावर कोण बसणार, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात फिरत होता. आबा बोलणार कुणाशी? आम्ही होतोच की घरात, चार वर्षं, पण आमच्याशी ते बोलले नव्हते.

टपरीवरच्या बाईंनीच सांगितलं, पुढच्या गावात जनावरांचे डॉक्टर राहतात, शाळेच्या मागे. मागच्या सीटवर आबा आणि मी, आणि दोघांच्या मांड्यांवर ती. एसीच्या थंडीने आबांचे दात वाजत होते. डॉक्टर जेवत होते, ते हात धुऊन तसेच बाहेर आले. ते मुख्यतः गाई-म्हशींचे डॉक्टर, पण हात हलका होता. ताप पाहिला, पायाला सलाईन लावलं, आणखी पाणी मारायला लावलं. अर्ध्या-पाऊण तासाने तिने मान हलवली. तासाभराने वाटीतलं पाणी चाटलं, थोडंच. तेव्हा नवरा बाहेर जाऊन गाडीला टेकून उभा राहिला आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसत राहिला.

"कशात आणली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

सांगायला मीच पुढे झाले. खोकं, फोम, वाळूचं पोतं, सगळं सांगितलं. डॉक्टर गाडीपाशी आले, खोकं हलवून पाहिलं, फोम दाबून पाहिला.

"काम पक्कं आहे," म्हणाले.

आयुष्यात कामाची एवढी वाईट शाबासकी मला कुणी दिलेली नाही. मग त्यांनी शांतपणे समजावलं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते जिभेने धापा टाकून आणि अंग पसरून गार होतं. फोमने तिचीच ऊब तिच्याभोवती कोंडली आणि पसरायला जागा ठेवली नाही. गाडीत ती फेकली जाऊ नये इतकंच बघायचं. बाकी तिला बसू द्या, उठू द्या, पाय रोवू द्या. छातीचा पट्टा घाला आणि तो मागच्या सीटच्या बेल्टला अडकवा, बाजूला माणूस बसवा, झालं. छातीचा पट्टा आमच्याकडे होता. चेकशीटवर होता, म्हणून घेतला होता. बॅगेच्या तळाशी कोरा पडला होता.

"आज मात्र पुढे नको," डॉक्टर म्हणाले. "आजचा दिवस इथेच थांबा. आतून काही त्रास झाला असेल तर तो नंतर दिसतो. सकाळी मला दाखवा, मग ठरवू."

त्यांनीच ओळखीच्या घरी दोन खोल्या मिळवून दिल्या. संध्याकाळी ती उठून उभी राहिली, चार पावलं डुगडुगत चालली आणि आमच्या गाडीच्या चाकाशी आपला कार्यभाग उरकून परत आबांच्या पायाशी आली. आम्ही तिघंही असे खूश झालो की कुणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. आबांनी भाताचे चार घास भरवले, तिने तीन खाल्ले.

मी चहा घेऊन गेले, तेव्हा आबा दारातल्या बाजेवर बसले होते. मी म्हटलं, "आबा, सकाळी डॉक्टरांनी हो म्हटलं की आपण घरी परत जाऊ. मी दिवेआगरला फोन करते. आणि जाताना तुम्हीच घ्या हिला. मी हात नाही लावणार."

आबांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारून प्यायले. "बघू सकाळी," म्हणाले.

सकाळी सहाला डॉक्टरांनी तपासलं. ताप नव्हता, हिरड्यांचा रंग परत गुलाबी झाला होता, आणि डॉक्टरांनी पोट दाबल्यावर ती त्यांच्यावर गुरगुरली, ते डॉक्टरांना फारच आवडलं. म्हणाले, आता गारवा आहे, कुठेही जायचं तर आत्ता जा. दर तासाला थांबा, पाणी द्या, दुपारपर्यंत पोचा. घरी जा नाहीतर पुढे जा, आत्ता निघालात तर दोन्ही जमेल.

नवऱ्याने गाडी मोशीच्या दिशेने वळवून उभी केली होती. आम्ही तसंच ठरवलं होतं. आबा बाहेर आले, एका हातात कुत्रीचा पट्टा, दुसऱ्या हातात स्वतःची पिशवी. त्यांनी गाडी पाहिली.

"आरं, तोंड तिकडं का केलंय? समुद्र हिकडं हाय."

"आबा, नको," मी म्हटलं. "पुन्हा काही झालं तर?"

"काल झालं ते ऊन आन् कोंडमारा. आज दोनी न्हाईत." त्यांनी पिशवी पुढच्या सीटवर टाकली. पुढची सीट कालपर्यंत माझी होती. मागचं दार उघडून मला म्हणाले, "बस आत."

मी बसले. त्यांनी तिला उचलून माझ्या शेजारी सीटवर ठेवलं आणि पट्टा माझ्यापुढे धरला. "बेल्टात अडकीव. मला त्यातलं कळत न्हाई."

माझे हात मांडीवरच राहिले. "आबा, मला नका देऊ. मी काल मारली असती हिला."

"व्हय," आबा म्हणाले. त्यांनी ते कमी केलं नाही, वाढवलंही नाही. "मारली असतीस. आन् आज मी घेतली तर तू पुन्यांदा तिच्या जवळ येनार न्हाईस. घरात दोन पावलं लांबनं जाशील. तिच्यापासनं आन् माझ्यापासनं. धर."

मी पट्टा घेतला आणि बेल्टला अडकवला. ओढून पाहिला, सैल ठेवला, पुन्हा पाहिला. कुत्रीने माझ्या हाताचा वास घेतला, फार काही पसंत पडला असं वाटलं नाही. ती सीटवर दोन वेळा गोल फिरली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मग गाडी वळली तशी ती माझ्यावर रेलली आणि तिथेच राहिली. तिची बरगडी माझ्या दंडाला लागून खालीवर होत होती.

गाव मागे पडलं. काचा अर्ध्या खाली होत्या, हवा गार होती. आबा पुढे नवऱ्याशी काहीतरी दोन वाक्यं बोलले. घाट सुरू व्हायच्या आतच त्यांची मान खिडकीकडे कलली आणि ते घोरायला लागले. रात्रभर ते जागे होते, हे मला नवऱ्याने नंतर सांगितलं. मी एक हात कुत्रीच्या पोटाखाली धरून बसले होते आणि दुसऱ्या हाताने पदर तोंडात कोंबून रडत होते, कारण आवाज झाला असता तर आबा जागे झाले असते.